वाचकांचे प्रश्न : उपग्रह हवेचे तापमान खरोखर ‘मोजतो’ का?

मागील अंकात हवामानाच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या उपग्रहांविषयी जो लेख आला होता, त्यातील ‘अवरक्त साउंडर वातावरणाच्या निरनिराळ्या थरांचे तापमान आणि आर्द्रता मोजतात’ या एकाच वाक्यावर सर्वाधिक पत्रे आली. (साउंडर म्हणजे वरून खाली पाहून वातावरणाच्या थरांचा ठाव घेणारे उपकरण.) वाक्य चुकीचे नव्हते. पण ‘मोजतात’ हे क्रियापद तेथे जरा सैलपणे वापरले गेले होते आणि बहुतेक वाचकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : उपग्रह जमिनीपासून सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर असतो. हवेला न शिवता तिचे तापमान कसे कळते? आणि वेगवेगळ्या उंचीवरची तापमाने वेगळी कशी काढतात?

भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून लोहार त्याचा ताव ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की हवेचा ‘रंग’ आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असतो. कोणताही पदार्थ किती प्रारण (रेडिएशन) बाहेर टाकतो आणि कोणत्या तरंगलांबीला टाकतो, हे त्याच्या तापमानावर अवलंबून असते. सुमारे १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पृष्ठभागाचे प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असते, तर उणे ५० अंशांच्या थरासाठी हाच कळस १३ मायक्रॉनपर्यंत सरकतो.

मात्र सगळी हवा अवरक्तात बोलत नाही. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या बाबतीत जवळजवळ मुके आहेत. बोलतात ते कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, ओझोन आणि असेच काही अल्प प्रमाणातले वायू, आणि तेही आपापल्या ठरलेल्या तरंगलांब्यांनाच. जो वायू ज्या तरंगलांबीला प्रारण शोषतो, तो त्याच तरंगलांबीला प्रारण सोडतोही. कार्बन डायऑक्साइडचे १५ मायक्रॉन आणि ४.३ मायक्रॉन हे दोन पट्टे तापमानासाठी फार सोयीचे ठरतात, कारण हा वायू वातावरणात जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेला आहे. त्याचे प्रमाण आधीच ठाऊक असल्यामुळे, त्याच्याकडून आलेले प्रारण कमीजास्त झाले तर त्याचे श्रेय मुख्यतः तापमानाला देता येते.

आता उंचीचा प्रश्न. दाट धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि विरळ धुक्यात शंभर पावलांवरचे झाडही दिसते. उपग्रह वरून खाली पाहतो, तेव्हा त्याच्यासाठी १५ मायक्रॉनच्या पट्ट्याचा मध्यभाग म्हणजे अतिदाट धुके असते : खालच्या थरांतून निघालेले प्रारण वाटेतच शोषले जाते आणि उपग्रहापर्यंत केवळ वरच्या थरांचे प्रारण पोहोचते. पट्ट्याच्या मध्यापासून कडेकडे सरकावे तसतसे हे धुके विरळ होत जाते आणि नजर अधिकाधिक खोल उतरते. ‘हर्स’ या अनेक दशके वापरात असलेल्या उपकरणाचे चॅनेल, म्हणजे एकेका ठरावीक तरंगलांबीभोवतीचे प्रारण टिपणारे कप्पे, ओळीने पाहिले की हे स्पष्ट होते. त्याचा १४.९५ मायक्रॉनचा चॅनेल मुख्यतः ३० हेक्टोपास्कल दाबाच्या, म्हणजे साधारण २४ किलोमीटर उंचीच्या परिसरातून प्रारण घेतो, १४.४९ चा चॅनेल १०० हेक्टोपास्कलच्या, १४.२२ चा ४०० च्या, १३.९७ चा ६०० च्या आणि १३.३५ चा ९०० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे जमिनीपासून जेमतेम एक किलोमीटरवरच्या परिसरातून. पुढे ११.११ मायक्रॉनला धुके जवळपास विरते आणि थेट जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग दिसतो. त्या भागाला ‘वातावरणीय खिडकी’ असे समर्पक नाव आहे. १५ मायक्रॉनपासून ११ मायक्रॉनपर्यंतचा हा प्रवास म्हणजे स्थितांबरातून जमिनीपर्यंत उतरण्याचा जिनाच आहे.

पण या जिन्याच्या पायऱ्या कोरीव नाहीत. प्रत्येक चॅनेलला येणारे प्रारण एकाच उंचीवरून येत नसून कित्येक किलोमीटर जाडीच्या हवेतून, कुठून जास्त तर कुठून कमी, असे मिसळून येते. या मिसळणीचे प्रमाण दाखवणाऱ्या वक्राला भारफलन म्हणतात, आणि शेजारशेजारच्या चॅनेलांची भारफलने एकमेकांवर बरीच चढलेली असतात. म्हणून ‘अमुक चॅनेल म्हणजे अमुक उंची’ ही आत्ताच केलेली मांडणी सोयीची असली तरी अर्धीच खरी आहे. उपकरण हाती देते ते काही मिश्रणांचे आकडे. त्यांवरून मूळ तापमानाचा उभा छेद, म्हणजे कोणत्या उंचीला किती तापमान याचा आलेख, उलट्या दिशेने शोधून काढावा लागतो. ही कल्पना हवामानशास्त्रज्ञ ल्युइस कॅप्लन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि १४ एप्रिल १९६९ रोजी सोडलेल्या निंबस-३ या उपग्रहावरील उपकरणांनी ती प्रत्यक्षात उतरते हे दाखवून दिले.

प्रश्न : ही उपकरणे रात्री काम करतात का?

करतात. ती परावर्तित सूर्यप्रकाशावर विसंबून नसतात. पृथ्वी आणि वातावरण रात्रंदिवस स्वतःचे प्रारण सोडतच असतात. उलट ४.३ मायक्रॉनच्या आसपासच्या चॅनेलांमध्ये दिवसा सूर्याच्या प्रारणाची भेसळ होते आणि ती हिशेबातून वेगळी काढावी लागते, त्यामुळे त्यांच्यासाठी रात्रच बरी.

प्रश्न : आर्द्रता मोजण्याची पद्धतही हीच का? हवा दमट झाली की प्रारण वाढते, असे समजावे का?

पद्धत त्याच जातीची आहे, पण तुमचा अंदाज उलटा आहे आणि त्यातच या विषयाची गंमत आहे.

आर्द्रतेसाठी मुख्यतः पाण्याच्या वाफेचा ६.३ मायक्रॉनभोवतीचा रुंद पट्टा वापरतात. वाफ कार्बन डायऑक्साइडसारखी सारखी मिसळलेली नसते. एका ठिकाणी भरपूर तर शेजारी नगण्य, खाली दाट तर वर अगदी तुटपुंजी, असा तिचा कारभार असतो. आता ६.७ मायक्रॉनच्या चॅनेलमधून तपांबराच्या वरच्या भागाकडे पाहत आहोत असे समजा. तेथील हवेत वाफ वाढली की धुके दाट होते, नजर वरच अडते आणि वरची हवा थंड असल्यामुळे उपकरणाला कमी प्रारण मिळते. हवा कोरडी झाली की नजर खोल, अधिक उबदार थरांपर्यंत पोहोचते आणि प्रारण वाढते. म्हणजे तापमान तेच असताना दमट हवा थंड दिसते आणि कोरडी हवा गरम दिसते. उपग्रहांच्या वाफेच्या चित्रांत कोरड्या हवेचे काळसर पट्टे दिसतात, त्यांचे कारण हेच : त्या चित्रांत जास्त प्रारण गडद आणि कमी प्रारण फिकट दाखवण्याची प्रथा आहे.

यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, आर्द्रता काढायची तर तापमान आधी, किंवा निदान सोबतच, माहीत असावे लागते. नाहीतर प्रारण घटले ते वाफ वाढल्यामुळे की हवा थंड झाल्यामुळे, हे ठरवता येत नाही. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडचे आणि वाफेचे चॅनेल एकाच उपकरणात एकत्र असतात. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. वरील सगळा खेळ खालचा भाग उबदार आणि वरचा थंड असण्यावर अवलंबून आहे. समुद्रावरच्या अगदी खालच्या हवेत तापमान पाण्याच्या तापमानाच्या जवळ असते. तेथे वाफ वाढली काय आणि घटली काय, वरून पाहणाऱ्याला जवळपास सारखेच प्रारण मिळते. दुर्दैवाने वातावरणातील सर्वाधिक वाफ नेमकी याच थरात असते. अवरक्त साउंडर जमिनीलगतच्या आर्द्रतेविषयी जे सांगतो ते राखूनच घ्यावे, असे माझे मत आहे. मधल्या आणि वरच्या तपांबराविषयी मात्र त्याचे म्हणणे बरेच भरवशाचे असते.

प्रश्न : जुन्या उपकरणांत वीसेक चॅनेल होते, आताच्या उपकरणांत हजारो आहेत. वातावरण तर तेच आहे. मग एवढे चॅनेल कशासाठी?

‘हर्स’मध्ये १९ अवरक्त चॅनेल होते आणि एक दृश्य प्रकाशाचा. भूस्थिर कक्षेतील भारताच्या इन्सॅट-३डी या उपग्रहावर २०१३ मध्ये जो साउंडर गेला, त्यातही १८ अवरक्त चॅनेल आणि एक दृश्य अशीच मांडणी आहे. याउलट २००२ मध्ये अ‍ॅक्वा उपग्रहावर गेलेल्या ‘एअर्स’मध्ये २,३७८ चॅनेल आहेत आणि २००६ मध्ये मेटॉप-ए या उपग्रहावर गेलेल्या ‘आयासी’मध्ये ८,४६१.

कारण असे की, ज्याला आपण १५ मायक्रॉनचा ‘पट्टा’ म्हणतो तो प्रत्यक्षात सलग पट्टा नसतो. कंगव्याच्या दातांसारख्या असंख्य बारीक शोषणरेषा शेजारी शेजारी उभ्या असतात. तरंगसंख्येच्या, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात त्या संख्येच्या, भाषेत सांगायचे तर कार्बन डायऑक्साइडच्या लगतच्या मुख्य रेषांमध्ये सुमारे दीड एककाचे अंतर असते. रेषेच्या माथ्यावर धुके दाट असते आणि दोन रेषांमधल्या फटीत विरळ. ‘हर्स’चे गाळणीसारखे चॅनेल दहा ते पंधरा एकके रुंद असल्यामुळे एकाच चॅनेलमध्ये कित्येक माथे आणि कित्येक फटी एकदम येत, आणि वरच्या हवेचे प्रारण खालच्या हवेच्या प्रारणात मिसळून जाई. ‘आयासी’ दर पाव एककाला एक नोंद घेते, त्यामुळे माथा वेगळा आणि फट वेगळी पाहता येते, भारफलने अरुंद होतात आणि तपांबरात साधारण एक किलोमीटर जाडीच्या थराचे तापमान एका अंशाच्या आसपास अचूकतेने काढण्याचे उद्दिष्ट आवाक्यात येते.

तरीही ८,४६१ चॅनेल म्हणजे वातावरणाविषयीच्या ८,४६१ स्वतंत्र गोष्टी नव्हेत. बहुतेक चॅनेल तीच बाब पुन्हा पुन्हा सांगतात. तापमानाविषयी स्वतंत्र म्हणता येतील अशा बाबी एका वर्णपटातून, म्हणजे सर्व तरंगलांब्यांच्या एका नोंदीतून, दहा-बाराच्या घरात मिळतात. पुनरुक्ती अर्थात फुकट जात नाही, कारण तिच्यामुळे यादृच्छिक त्रुटी दबते. पण जाहिरातीच्या थाटात चॅनेलांचे आकडे फेकले जातात, तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे.

वर्णपट उलगडण्याच्या पद्धतीही दोन आहेत. ‘एअर्स’ बारीक रेघांच्या जाळीवरून प्रारण परावर्तित करून त्याच्या तरंगलांब्या पसरवते आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा डिटेक्टर ठेवते. ‘आयासी’ आणि अमेरिकेचे ‘क्रिस’ व्यतिकरणाचा मार्ग वापरतात : प्रारणाचे दोन भाग करायचे, सरकत्या आरशाने एकाचा मार्ग लांब-आखूड करायचा, दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे आणि मिळालेल्या चढउतारांतून गणिताने वर्णपट काढायचा. ‘आयासी’त मार्गातला हा फरक दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त दोन-दोन सेंटिमीटरचा असतो. एवढ्याशा हालचालीतून हजारो चॅनेल निघतात, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

प्रश्न : अवकाशात आधीच थंडी असताना डिटेक्टर आणखी थंड का करावे लागतात? आणि वर्षानुवर्षे कोणी दुरुस्तीला जात नसताना उपकरण बिघडलेले नाही हे कसे समजते?

उपग्रह सूर्याच्या उन्हात आणि स्वतःच्या विद्युतयंत्रणेच्या उष्णतेत असतो, त्यामुळे त्याचे अंतरंग काही आपोआप गारठत नाही. आणि उबदार डिटेक्टर स्वतःच गोंगाट निर्माण करतो. जे प्रारण मोजायचे त्याच जातीचे प्रारण उपकरणाच्या भिंती आणि आरसेही सोडत असतात. स्वतः मोठमोठ्याने बोलत असताना दुसऱ्याची कुजबुज ऐकण्यासारखी ती अवस्था असते. म्हणून ‘एअर्स’चे डिटेक्टर यांत्रिक शीतकाने ५८ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २१५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले जातात. ‘आयासी’ आणि ‘क्रिस’मध्ये उष्णता काळ्या अवकाशाकडे सोडून देणारे शीतक आहेत, त्यांना हलते भाग लागत नाहीत, मात्र तितकी थंडीही गाठता येत नाही.

अंशशोधनाची (कॅलिब्रेशनची) रीत साधी पण काटेकोर आहे. ‘आयासी’चा आरसा आठ सेकंदांच्या एका फेरीत उपग्रहाच्या मार्गाला आडवा फिरत तीस ठिकाणी थांबतो आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे १२ किलोमीटर व्यासाच्या चार वर्तुळांतून वर्णपट घेतो. त्यानंतर त्याच फेरीत तो दोन ठिकाणी वळतो : एकदा रिकाम्या अवकाशाकडे, जेथून जवळजवळ शून्य प्रारण येते, आणि एकदा उपकरणातच बसवलेल्या, ज्ञात तापमानाच्या काळ्या पृष्ठभागाकडे. शून्य कोठे आणि ज्ञात उष्णतेला डिटेक्टर किती आकडा दाखवतो, हे दर आठ सेकंदांनी नव्याने कळते, आणि तीसही ठिकाणांचे आकडे त्या दोन खुंट्यांमध्ये ताणून बसवले जातात. इतकी दक्षता का, हे एका हिशेबावरून दिसेल. १५ मायक्रॉनला २२० केल्विन तापमानाच्या थराचे तापमान एका अंशाने बदलले, तर प्रारण सुमारे दोन टक्क्यांनीच बदलते. अंशाचा दहावा भाग ओळखायचा तर ०.२ टक्क्यांचा फरक निसटून चालत नाही.

प्रश्न : ढग आडवे आले तर काय करतात?

ढगांपुढे अवरक्ताचे चालत नाही. जाड ढग आला की त्याच्या माथ्याखालचे काहीच दिसत नाही, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या वर्तुळात कोठेच ढग नाही असे विरळाच घडते. त्यावर तीन उपाय आहेत. ढगाच्या माथ्याच्या वरच्या हवेतूनच प्रारण घेणारे चॅनेल तेवढे ठेवून बाकीचे सोडून द्यायचे, किंवा शेजारच्या वर्तुळांत ढग कमीअधिक असतील, तर त्यांच्यातील फरकावरून निरभ्र भागाचे प्रारण किती असते याचा हिशेब मांडायचा, जसा ‘एअर्स’मध्ये तीन गुणिले तीन वर्तुळांच्या गटावर केला जातो, किंवा सोबतच्या मायक्रोवेव्ह उपकरणाचा आधार घ्यायचा. मायक्रोवेव्ह साउंडर ऑक्सिजनच्या ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून तापमान काढतात आणि बहुतेक ढगांमधून पार पाहतात, मात्र त्यांचे थर अधिक जाड आणि वर्तुळे अधिक मोठी असतात. ही दोन्ही उपकरणे एकाच उपग्रहावर शेजारी शेजारी बसवण्याची प्रथा त्यामुळेच पडली.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी उपग्रहाने काढलेला तापमानाचा छेद आणि हवामानफुग्याने मोजलेला छेद यांची तुलना केली. पाच किलोमीटरच्या वर दोन्ही छान जुळले, पण जमिनीपासून सुमारे हजार मीटरवर तीन अंशांहून अधिक तफावत निघाली. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. तुम्ही पाठवलेल्या आलेखात हजार मीटरच्या आसपास फुग्याचे तापमान उंचीबरोबर घटण्याऐवजी वाढलेले दिसते. ही तापमानाच्या व्युत्क्रमणाची पातळ चादर आहे आणि तिची जाडी दोन-तीनशे मीटरच भरते. फुग्याचा संवेदक दर सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो, त्यामुळे ही चादर त्याला ठळकपणे जाणवते. उपग्रहाला मिळालेले प्रारण किलोमीटरभर किंवा त्याहून जाड थरातून मिसळून आलेले असते. त्यात ही चादर पुसट होऊन जाते आणि छेद गुळगुळीत निघतो. शिवाय फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, तीस किलोमीटर गाठायला त्याला दीड तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तो हवेतील एका रेषेचे तापमान सांगतो. उपग्रह क्षणार्धात बारा-पंधरा किलोमीटर रुंद हवेची सरासरी सांगतो. दोघांनी दोन वेगळ्या राशी दिल्या आहेत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या अहवालात आलेली नाही. प्रारणावरून छेद काढण्याच्या या उलट्या प्रश्नाला एकच उत्तर नसते. एकाच वर्णपटाशी जुळणारे अनेक छेद कागदावर काढता येतात, त्यांत काही अगदी अशक्य, वेडेवाकडेही असतात. त्यांतला संभाव्य छेद निवडण्यासाठी गणनेला एक प्रारंभिक छेद द्यावा लागतो, जो पूर्वीच्या निरीक्षणांच्या सरासरीतून किंवा अंदाजाच्या प्रारूपातून (मॉडेलमधून) येतो. जेथे प्रारणात माहिती भरपूर आहे तेथे उत्तर प्रारणाचे ऐकते. जेथे माहिती तुटपुंजी आहे, उदाहरणार्थ जमिनीलगत, तेथे ते प्रारंभिक छेदाकडे झुकते. म्हणजे तुमच्या आलेखातला उपग्रहाचा हजार मीटरवरचा बिंदू काही अंशी निरीक्षण आहे आणि काही अंशी पूर्वग्रह.

न्याय्य तुलना करायची तर फुग्याचा छेद आहे तसा घेऊ नका. उपग्रहाच्या विदेबरोबर (डेटाबरोबर) सहसा एक सारणी दिलेली असते, जी प्रत्यक्ष छेद उपकरणाच्या नजरेतून किती पसरट दिसेल हे सांगते. तिच्यातून फुग्याचा छेद आधी गाळून घ्या आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. तफावत तीन अंशांवरून बरीच खाली यावी. गाळल्यानंतरही ती तशीच राहिली, तर त्या ठिकाणी ढग होते का हे सांगणारी विदेतली खूण तपासा. मात्र निरभ्र आकाशात पाच-सहा किलोमीटरवर तीन अंशांचा फरक आढळला असता, तर तो मी इतक्या सहज सोडला नसता.

याच कारणासाठी मोठ्या अंदाज केंद्रांनी १९९० च्या दशकापासून काढलेले छेद वापरणे कमी करत थेट प्रारणच वापरायला सुरुवात केली. संगणकी प्रारूपातील वातावरण घेऊन ‘असे वातावरण असते तर उपकरणाला किती प्रारण दिसले असते’ हे मोजायचे, ते प्रत्यक्ष प्रारणाशी ताडून पाहायचे आणि फरक मिटेल अशा बेताने प्रारूपातील तापमान व आर्द्रता हलवायची, अशी ती रीत आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा पूर्वग्रह नकळत आत शिरत नाही. जो काही पूर्वग्रह असतो तो प्रारूपाचा स्वतःचा, आणि त्याची त्रुटी किती हे निदान अंदाजून ठेवलेले असते.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ‘आधीच ठाऊक आहे’ असे आपण म्हणता, पण ते तर दरवर्षी वाढते आहे. मग तापमान चुकत नाही का?

ते जुनेच प्रमाण धरून बसलात तर चुकेल. निंबस-३ उडाला त्या वर्षी, १९६९ मध्ये, हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ३२५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. २०२४ मध्ये तो ४२० भागांच्या पुढे गेला आहे. प्रमाण वाढले की धुके दाट होते, प्रत्येक चॅनेलची नजर पूर्वीपेक्षा थोडी वर अडते, आणि तपांबरात वर म्हणजे थंड. त्यामुळे हवेचे तापमान काडीइतके न बदलताही त्या चॅनेलला ते घसरल्यासारखे दिसते. म्हणून गणनेत त्या त्या वर्षाचे, आणि काटेकोर कामात त्या त्या ऋतूचेही, प्रमाण घालतात. दशकानुदशकांचा तापमानाचा कल शोधणाऱ्यांनी जुन्या उपकरणांच्या नोंदी हाताळताना सर्वप्रथम हीच दुरुस्ती केलेली आहे की नाही ते पाहावे.